सिंगिंग कॉल आणि प्रांतोप्रांतीचे स्क्वेअर डान्स : ‘स्क्वेअर डान्स हिस्टरी प्रोजेक्ट’ या मोफत संग्रहाचे परीक्षण

अमेरिकेच्या स्क्वेअर डान्सविषयी कितीही वाचले, तरी न्यू इंग्लंडची पद्धत, दक्षिणेकडील डोंगराळ भागाची पद्धत आणि पश्चिमेची पद्धत यांत नेमका कोणता फरक आहे, हे वाचून उमगत नाही. आकृत्यांची वर्णने कागदावर उतरतात आणि जोड्या कुठून कुठे गेल्या हे बाणांनी दाखवता येते. परंतु नाच सांगणाऱ्याचा आवाज सुरावटीच्या कोणत्या मात्रेवर पडतो आणि पावले त्या आवाजाच्या मागून येतात की बरोबरीने, हे छापील पानावर सांगता येत नाही, आणि प्रांतोप्रांतीचा फरक बहुतांशी तिथेच असतो. ‘स्क्वेअर डान्स हिस्टरी प्रोजेक्ट’ या आंतरजालावरील संग्रहाचे मोल यामुळेच आहे. चित्रफिती, ध्वनिमुद्रणे, मुलाखती आणि लेख यांचा हा साठा कोणालाही विनामूल्य पाहता येतो. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या कंट्री डान्स अँड साँग सोसायटीच्या सहकार्याने तो उभा राहिला असून डेव्हिड मिलस्टोन या अनुभवी कॉलरने, म्हणजे नाच सांगणाऱ्याने, त्याची धुरा वाहिली आहे. प्रस्तुत परीक्षण संपूर्ण संग्रहाचे नाही. सिंगिंग कॉल आणि प्रांतिक शैली समजून घेण्यासाठी तो कितपत उपयोगी पडतो, एवढ्याच प्रश्नापुरते ते मर्यादित आहे.

ज्यांना या नाचाची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंवर आत तोंड करून उभ्या राहतात. वादकांकडे पाठ असलेली जोडी पहिली मानली जाते आणि तिच्या उजव्या हाताने पुढे दुसरी, तिसरी व चौथी अशी मोजणी होते. प्रत्येक नर्तकाच्या एका बाजूला त्याचा जोडीदार असतो, तर दुसऱ्या बाजूला लगतच्या जोडीतील शेजारी असतो. या शेजाऱ्याला कॉर्नर म्हणतात. पुढे काय करायचे हे कॉलर सांगतो. तो कधी मोजक्या शब्दांत पूर्वसूचना देतो, कधी तालावर यमके जुळवत अखंड बोलत राहतो, ज्याला पॅटर म्हणतात, आणि कधी एखाद्या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर मूळ शब्दांच्या जागी नाचाच्या सूचना बसवून त्या चक्क गातो. हा शेवटचा प्रकार म्हणजे सिंगिंग कॉल.

सिंगिंग कॉल ऐकायला सर्वांत सोपा आणि नीट समजून घ्यायला सर्वांत अवघड आहे, असे माझे मत हा संग्रह चाळताना अधिकच पक्के झाले. पूर्वसूचना देणाऱ्या किंवा पॅटर म्हणणाऱ्या कॉलरला लांबी-रुंदीचे स्वातंत्र्य असते. एखादा चौकोन मागे पडला तर तो दोन ओळी वाढवतो, सगळे लवकर पोचले तर पुढची हाक अलीकडे ओढतो. गाण्याच्या चालीवर मात्र ही सवलत नसते. आज रूढ असलेल्या सिंगिंग कॉलमध्ये ६४ मात्रांचे एक आवर्तन असते आणि अशी सात आवर्तने होतात. पहिले, चौथे आणि सातवे आवर्तन अनुक्रमे सुरुवात, मध्यंतर आणि समारोप यांसाठी राखलेले असते. उरलेल्या चार आवर्तनांत एकच मुख्य आकृती पुन्हा पुन्हा होते आणि प्रत्येक वेळी कॉर्नर हा नवा जोडीदार बनतो, त्यामुळे चौथ्या खेपेला प्रत्येकाला आपला मूळ जोडीदार परत मिळतो. मिनिटाला साधारण १२० ते १२८ मात्रांच्या लयीत हा सारा प्रवास साडेतीन मिनिटांच्या आसपास संपतो. चुकलेल्या चौकोनासाठी गाणे थांबत नाही. ज्यांची वाट चुकली त्यांनी पुढच्या आवर्तनाच्या आरंभी आपापली जागा गाठायची असते.

आवर्तनाच्या आतला हिशोबही तितकाच काटेकोर असतो. चौकोनाला पूर्ण फेरी घालणाऱ्या प्रॉमेनेडला १६ मात्रा लागतात, आणि त्या १६ मात्रांत कॉलरला सांगण्यासारखे काहीच नसते. म्हणून तो तेवढ्यात मूळ गाण्याचे शब्द गाऊन घेतो. संग्रहातील सिंगिंग कॉल ऐकताना कान नेमका इथे लावावा. चांगल्या कॉलरच्या बाबतीत सूचना कुठे संपली आणि गाणे कुठे सुरू झाले याचा सांधा ऐकू येत नाही, आणि तरीही पुढच्या आकृतीची हाक मात्र ती आकृती सुरू होण्याच्या दोन-चार मात्रा आधीच पोचलेली असते. सामान्य कॉलर गाण्यात रमतो आणि हाक उशिरा देतो, मग आठही जण क्षणभर घुटमळतात. सुरेल आवाज ही सिंगिंग कॉलची दुय्यम गरज आहे, हे अशा दोन चित्रफिती लागोपाठ पाहिल्या की कोणी न सांगताही पटते.

जुन्या सिंगिंग कॉलचा नियम याहून निराळा होता. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९३९ च्या सुमारास पुन्हा लोकप्रिय ठरलेल्या ‘ओ जॉनी’ या गाण्यावरचा नाच हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. त्यात हाक आणि हालचाल जवळजवळ एकाच वेळी येतात. म्हणजे कॉलर नर्तकांना पुढचे सांगत नसून त्यांच्याबरोबर गात असतो, आणि नाच सर्वांना आधीपासून ठाऊक असल्याशिवाय हे जमत नाही. गावातल्या ज्या सभागृहांत तीच माणसे वर्षानुवर्षे तेच मोजके नाच करीत आली, तिथे हा प्रकार फोफावला यात आश्चर्य नाही. गाणे ऐकू आले की पाय आपोआप वळतात, कॉलर केवळ साथीला असतो. जुना आणि नवा असे हे दोन प्रकार एकाच नावाखाली वावरतात, पण त्यांत कॉलरची भूमिका पूर्णपणे वेगळी आहे. संग्रहात प्रांत आणि काळ या दोन्ही अंगांनी शोध घेता येत असल्यामुळे हा फरक चांगला हाती लागतो.

आता प्रांतांकडे वळू. न्यू इंग्लंडचा नाच सुरावटीच्या आठ आठ मात्रांना घट्ट बांधलेला असतो. कॉलर सुरावटीच्या अशा प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या मात्रांत सूचना देतो आणि नर्तक पुढच्या वाक्याच्या पहिल्या मात्रेवर पाऊल टाकतात. भारतीय संगीताचा कान असलेल्या श्रोत्याला ही समेवर येण्याची शिस्त लगेच ओळखू येईल. व्हायोलिनच्या जोडीला पियानो असतो, रील्स या नाचाच्या धुनांबरोबर ६/८ तालातल्या जिग्ज या धुनाही वाजतात, चालणे घरंगळल्यासारखे गुळगुळीत असते आणि जोडीदाराला घेतलेली गिरकी लांबलचक असते, जिच्यात एक पाय टेकून दुसऱ्याने रेटा देत राहतात. न्यू हॅम्पशायरचे राल्फ पेज (१९०३–१९८५) हे या परंपरेचे सर्वांत प्रभावी कॉलर. त्यांनी ‘नॉर्दर्न जंकेट’ हे नियतकालिक १९४९ ते १९८४ इतका प्रदीर्घ काळ चालवले. सिंगिंग कॉल या प्रदेशात सहज सामावतो, कारण इथे नाच मुळातच सुरावटीच्या लांबीचा असतो.

दक्षिणेतील अ‍ॅपलाचियन पर्वतराजीत चित्र उलटे होते. व्हायोलिन आणि बँजो यांची लय वेगवान असते, पावलांत थाप आणि ठेका असतो, गिरकी आखूड असते. पुष्कळदा चौकोनाऐवजी सगळ्या जोड्यांचे एकच मोठे वर्तुळ होते आणि त्यात दोन दोन जोड्या एकमेकींना भेटून छोटी आकृती करतात व पुढच्या जोडीकडे सरकतात. ही भेट किती मात्रांत संपेल याला बंधन नाही. कॉलर अनेकदा स्वतःच नाचत असतो, आणि बहुतेकांचे उरकलेले दिसले की तो पुढची हाक देतो. अशा नाचावर गाण्याची ठरावीक लांबी लादता येत नाही. म्हणूनच या भागाच्या चित्रफितींत सिंगिंग कॉल बाहेरून आल्यासारखा वाटतो, तर तालावर म्हटलेले बोल अगदी घरचे वाटतात. हाच नाच १९१७ मध्ये केंटकीतील पाइन माउंटन येथे इंग्लिश लोकगीते आणि लोकनृत्ये जमवणारे सेसिल शार्प यांनी पाहिला, त्याला ‘रनिंग सेट’ असे नाव दिले आणि तो प्राचीन इंग्लिश नाचाचा शुद्ध अवशेष आहे असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष आता टिकत नाही. कॉलर आणि या नाचाचे अभ्यासक फिल जेमिसन यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात या नाचात ब्रिटिश, फ्रेंच आणि आफ्रिकन अमेरिकन धागे कसे विणले गेले आहेत हे विस्ताराने दाखवले आहे. संग्रहातील दक्षिणी शैलीच्या मांडणीत जेमिसन यांच्या कामाचा हात स्पष्ट जाणवतो आणि त्यामुळे ती मांडणी सर्वांत भक्कम झाली आहे.

पश्चिमेचा नाच या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील शेयेन माउंटन शाळेचे प्रमुख लॉइड शॉ यांनी गुरेराख्यांच्या वस्त्यांतील नाच जमवले, १९३९ मध्ये त्यांवर पुस्तक काढले, विद्यार्थ्यांचा चमू देशभर फिरवला आणि उन्हाळी वर्गांत कॉलरांच्या एका पिढीला तयार केले. इथे पॅटरला विशेष मान आहे. त्यातली यमके बहुतेक वेळा निरर्थक असतात, आणि ती तशी असण्यातच शहाणपण आहे, कारण नर्तकाने ऐकावी अशी हाक त्या निरर्थक ओळींमध्ये उठून दिसते. एकच हाक प्रांत बदलताच वेगळी हालचाल मागते, याचे नमुनेही इथे मिळतात. न्यू इंग्लंडमध्ये डोसीडो म्हटले की समोरासमोरची दोन माणसे हात न लावता पाठीला पाठ करून फिरतात, तर कोलोरॅडो आणि टेक्सासकडे त्याच धाटणीच्या हाकेवर जोडीदाराला डावा हात आणि शेजाऱ्याला उजवा हात देत फिरायचे असते. परप्रांतातून आलेला नर्तक इथे हमखास चुकतो.

मग हे सारे वेगळेपण विरले कसे? संग्रहातील लेख आणि मुलाखती यावर पुष्कळ प्रकाश टाकतात, पण सिंगिंग कॉलचा त्यातला वाटा मला तिथे पुरेसा अधोरेखित झालेला वाटत नाही. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी सभागृहाचा आकार कॉलरच्या गळ्यावर अवलंबून होता. ओरडून सांगताना दोन-तीन स्वरांपलीकडे जाता येत नाही आणि पॅटरची चाल तशी आखूड असण्याचे तेही एक कारण असावे. मायक्रोफोन हाती आल्यावर कॉलरला खऱ्या अर्थाने गाता येऊ लागले. त्यापाठोपाठ तबकड्या आल्या, ज्यांच्या एका बाजूला कॉलसह गाणे आणि दुसऱ्या बाजूला नुसते वाद्यसंगीत असे, आणि सोबत नाचाचे छापील शब्द मिळत. आता वादकांची गरज उरली नाही. मोठ्या शहरातील किंवा आडगावातील कोणताही कॉलर तीच तबकडी लावून तोच नाच तसाच गाऊ लागला. ज्या सिंगिंग कॉलने आधी गावोगावच्या आवडत्या चाली नाचात आणल्या होत्या, त्यानेच पुढे सर्व प्रांतांना एका साच्यात बसवले, हा या इतिहासातील सर्वांत लक्षणीय पेच आहे.

१९७४ मध्ये कॉलरलॅब ही कॉलरांची संघटना स्थापन झाली आणि हाकांची प्रमाण व्याख्या ठरली, तेव्हा ही प्रक्रिया पूर्णत्वाला पोचली. आधुनिक क्लबात नाचण्यासाठी आधी महिनोनमहिने शिकवणी घ्यावी लागते, पण एकदा शिकले की जर्मनीतही आणि जपानमध्येही त्याच इंग्रजी हाकांवर नाचता येते. तिथे प्रत्येक खेळात आधी पॅटर आणि मग सिंगिंग कॉल असा क्रम असतो. पॅटरमध्ये कोडे सोडवायचे आणि गाण्यात मोकळे व्हायचे, अशी ही विभागणी आहे.

संग्रहाचे हृदय म्हणावे असा भाग म्हणजे नोव्हेंबर २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ब्रासटाउन येथे जॉन सी. कॅम्पबेल फोक स्कूलमध्ये झालेल्या ‘डेअर टू बी स्क्वेअर’ या सोहळ्याचे चित्रण. टोनी पार्क्स, लॅरी एडलमन, बिल लिचमन, फिल जेमिसन, बॉब डाल्सेमर अशा निरनिराळ्या परंपरा आत्मसात केलेल्या कॉलरांना एकाच ठिकाणी बोलावून त्यांचे नाच टिपले गेले. एकाच सभागृहात, एकाच दर्जाच्या ध्वनिमुद्रणात, सलग ऐकायला मिळणाऱ्या या हाका अभ्यासकाला अन्यत्र कुठे मिळतील असे वाटत नाही. पार्क्स यांची हाक वाक्याच्या कडेवर किती नेमकी येते आणि जेमिसन यांची हाक वाक्याला न जुमानता ठेक्यावर कशी तरंगते, हे लागोपाठ ऐकले की वर केलेली सगळी वर्णने अनावश्यक ठरतात.

याच भागाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. कॉलर बदलतात, नर्तक मात्र तेच राहतात. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली ही तरबेज मंडळी न्यू इंग्लंडचा नाच आणि केंटकीचा नाच जवळपास सारख्याच पावलांनी करतात, कारण शनिवारी सकाळी एक शैली आणि दुपारी दुसरी शैली अंगात भिनवणे कोणालाच शक्य नसते. त्यामुळे हाकेतील प्रांत इथे उत्तम ऐकू येतो, पण पावलांतला प्रांत दिसत नाही. तो पाहायचा असेल तर संग्रहातील जुन्या, धूसर, स्थानिक नाचांच्या चित्रणांकडे जावे लागते, जिथे कॅमेरा हलतो, आवाज फाटतो आणि कॉलरचे अर्धे शब्द कळत नाहीत, परंतु माणसे आपल्या गावची पावले टाकत असतात. पाहणाऱ्याने या दोन्ही साधनांची सांगड स्वतः घालायची आहे. एखाद्या नाचाचे २०११ मधील चित्रण आणि त्याच प्रदेशातील जुने चित्रण शेजारी शेजारी ठेवून दाखवणारी दालने अधिक असती, तर नवख्याचे काम पुष्कळ हलके झाले असते.

दुसरी उणीव संग्रहाची नसून इतिहासाची आहे. नाच मोठ्याने सांगण्याची प्रथा युरोपातून आली नाही. तिकडे नर्तक आकृत्या नृत्यशिक्षकांकडून शिकून येत. बेंजामिन लॅट्रोब या वास्तुविशारदाने १८१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील एका नृत्यसमारंभात डफासारखे वाद्य वाजवत आकृत्या पुकारणारा एक कृष्णवर्णीय वादक पाहिल्याची नोंद केली आहे, आणि कॉलरच्या सर्वांत जुन्या उल्लेखांत तिची गणना होते. अर्थातच त्या आवाजाचे ध्वनिमुद्रण असणे शक्य नाही. विसाव्या शतकात जेव्हा यंत्रे आली, तेव्हा संग्राहक प्रामुख्याने गोऱ्या वस्त्यांकडे वळले. १९२० च्या दशकात मोटारउद्योजक हेन्री फोर्ड यांनी जाझला उतारा म्हणून जुन्या नाचांचे पुनरुज्जीवन आरंभले तेव्हाही हा नाच निव्वळ गोऱ्या पूर्वजांचा वारसा म्हणूनच मांडला गेला. या विषयावर लेखनातून जेवढे समजते तेवढे कानांना मिळत नाही, ही जाणीव ठेवूनच संग्रहाकडे पाहावे.

मांडणीबद्दल थोडे सांगतो. हे ग्रंथालय आहे, शिकवणी नव्हे. क्रमाने धडे देणारी रचना इथे नाही, आणि विषयाची ओळख नसलेला माणूस पहिल्याच भेटीत भरकटण्याची शक्यता आहे. प्रत्येक नोंदीसोबतची माहिती मात्र जबाबदारीने लिहिलेली आहे. कॉलर कोण, परंपरा कोणती आणि नाच कोणत्या धाटणीचा, हे बहुतेक ठिकाणी नीट समजते. नुसते मनोरंजन हवे असणाऱ्याला हा संग्रह कोरडा वाटेल. ज्याला स्वतः कॉलर व्हायचे आहे, लोकसंगीताचा आणि नाचाचा संबंध ज्याच्या अभ्यासाचा विषय आहे, किंवा एखादी लोककला प्रमाणित होताना काय कमावते आणि काय गमावते याचे जिवंत उदाहरण ज्याला हवे आहे, त्याच्यासाठी यापेक्षा चांगले मोफत साधन माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते आधी एखादा आधुनिक सिंगिंग कॉल घ्यावा आणि चित्राकडे न पाहता ६४ मात्रांची आवर्तने बोटांवर मोजावीत. मग न्यू इंग्लंडचा पूर्वसूचना देऊन केलेला नाच ऐकावा आणि हाक कितव्या मात्रेवर पडते ते टिपावे. त्यानंतर दक्षिणेतील मोठ्या वर्तुळाचा नाच लावावा. तिथे मोजणी पहिल्या मिनिटातच सुटते आणि ती सुटली की आवाज बंद करून फक्त पाय पाहावेत. पश्चिमेचा पॅटर सर्वांत शेवटी ठेवणे बरे, कारण त्यातली हाक कोणती आणि भरीचे शब्द कोणते हे ओळखायला कान आधी तयार झालेला असावा लागतो.